उसना आवाज

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका ट्रान्स्फॉर्मर कारखान्यात तुम्ही वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या कॉइल भरण्याच्या कामावर, सहा वर्षं इंजिनिअर होतात. चार महिन्यांपूर्वी त्याच सेक्शनचं प्रमुखपद मिळालं. हाताखाली २६ माणसं, त्यातले दोन सुपरवायझर तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. आधीचे साहेब गरजायचे आणि माल वेळेवर निघायचा. तुम्ही मुळात हळू बोलणाऱ्या. एकदा त्यांच्यासारखं ओरडून पाहिलंत, तर आवाज चिरकला आणि मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वरचे म्हणतात, "जरा कडक व्हा." घरचे म्हणतात, "तू आहेस तशीच राहा." आणि ट्रेनिंगला आलेल्या बाई सांगून गेल्या की स्वतःची अस्सल नेतृत्वशैली शोधा. ती शोधायची कुठे, आणि सापडलीच तर वापरायची कशी? शेवटी "काका म्हणू की सर?" असंही विचारलंत. काहीही म्हणा. कारखान्यात ३१ वर्षं मला सगळे भाईच म्हणत आले.

आधी माझी फजिती ऐका.

मी तिशीत होतो. आमचे साहेब रिटायर झाले आणि वाइंडिंग माझ्याकडे आलं. साहेबांचा आवाज असा, की शेडच्या या टोकाला "अरे ए" म्हणाले की त्या टोकाचं मशीन थांबायचं. मला वाटलं खुर्चीबरोबर आवाजही मिळतो. दीड महिना मी रोज ओरडलो. घरी आलो की घसा बसलेला, आई हळदीचं दूध द्यायची आणि म्हणायची, "लेक्चरर झालास की काय?"

मग एक दिवस १०० केव्हीएचा, ११ केव्हीचा एक ट्रान्स्फॉर्मर टेस्टिंगला गेला. रेशो ठीक, रेझिस्टन्स ठीक. डीव्हीडीएफला लावला. तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगतो: दुप्पट व्होल्टेज, दुप्पट फ्रिक्वेन्सी, ६० सेकंद. तारेच्या वेढ्यावेढ्यांमधलं इन्सुलेशन टिकतं का, ते तिथे कळतं. चाळीस सेकंद झाले असतील, आतून 'टक्' असा आवाज आला आणि ब्रेकर पडला. तेल काढलं, कोअर-कॉइल क्रेनने वर घेतली, एचव्हीची, म्हणजे जास्त व्होल्टेजची, कॉइल उलगडत बसलो. आतल्या एका थरात तारेवरचा कागद खरवडलेला होता आणि त्यावर टेपचा बोटभर तुकडा चिकटवलेला होता. अगदी निगुतीने. ज्याने ती कॉइल भरली, तो पोरगा समोर उभा होता. चूक करणारा नव्हे, हाताचा चांगला. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "भाई, तमे गरम हता, एटले पछी कहीश एम विचार्युं." तुम्ही तापलेले होतात, म्हटलं नंतर सांगू. नंतर म्हणजे काय, तर कॉइल चढली, ओव्हनमधून निघाली, टाकीत बसली, वर तेल भरलं गेलं. सांगायला 'नंतर' उरलाच नाही.

मला टोचलं ते वेगळंच. त्याच पोराने मागच्या साहेबांना असल्या तीन-चार गोष्टी बिनदिक्कत सांगितल्या होत्या. ते तर माझ्यापेक्षा दुप्पट ओरडायचे!

पुढे बरेच महिने मी याचा विचार करत होतो. मग लक्षात आलं की साहेबांच्या ओरडण्याला एक ठरलेली वाट होती. दहाला ओरडले की साडेदहाला त्याच माणसाला स्वतःच्या कपातला अर्धा चहा द्यायचे. जितकं आमच्यावर ओरडायचे, तितकंच मालकांवरही ओरडायचे. आणि चूक आपणहून सांगणाऱ्यावर एकदाही आवाज चढवायचे नाहीत, लपवणाऱ्यावरच चढवायचे. हे शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. माझं ओरडणं कधी येईल, किती वेळ टिकेल, कशाने थांबेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, कारण ते माझं नव्हतंच.

म्हणून 'अस्सल शैली'चा माझा अर्थ साधा आहे. हाताखालच्या माणसाला तुमचा अंदाज बांधता आला पाहिजे. आज हिला वाईट बातमी दिली तर ही काय करील, हे त्याला आधीच माहीत असलं पाहिजे. आत डोकावून 'खरी मी कोण' वगैरे शोधत बसू नका. ते तीर्थयात्रेला गेल्यावर करावं, सोमवारी सकाळी आठला त्याचा उपयोग नाही.

आता तुमच्या घरच्यांचा सल्ला. 'आहेस तशीच राहा' हे ऐकायला गोड आहे, पण त्यात एक खड्डा आहे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल लिहिलं. दहा-एक वर्षांच्या मुलांचे हस्तकलेचे गट, आणि त्यांना तीन तऱ्हांचे मोठे नेते: एक हुकूम सोडणारा, एक विचारून ठरवणारा, एक सगळं मुलांवर सोडून देणारा. हुकूमवाला खोलीत असेपर्यंत भरपूर काम व्हायचं. तो बाहेर गेला की हात थंडावायचे. विचारून ठरवणाऱ्याच्या गटात तो गेला तरी काम चालूच. हे ट्रेनिंगवाले आवडीने सांगतात. तिसऱ्याचं मात्र घाईत उरकतात: सोडून देणाऱ्याच्या गटात काम सगळ्यात कमी आणि तेही हलकं झालं. तुमची सेकंड शिफ्ट म्हणजे नेता बाहेर गेलेली तीच खोली. चारनंतर तुम्ही घरी गेलात की काय घडतं, ते रोज सकाळच्या कॉइलमध्ये दिसतंच. हळू बोलणारी माणसं नकळत तिसरी व्हायला लागतात, आणि त्यालाच साधेपणा समजतात. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मी त्यांना फार टोकत नाही, मोठे आहेत." तिथे मला धोका दिसतो. आवाज हळू असण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

शोधायचं कसं, तर मी केलं ते सांगतो. एक दोनशे पानी वही घेतली. रोज घरी निघण्याआधी पाच मिनिटं, दोनच नोंदी. आज कोण, कशासाठी, आपणहून माझ्याकडे आलं. आणि आज मी कुठे नाटक केलं. नाटकाची खूण सांगतो: बोलून झाल्यावर खांदे दुखतात. तीन आठवडे लिहिलं आणि मग एका रविवारी सुरसागरच्या कट्ट्यावर बसून सलग वाचलं. मला वाटायचं मी ड्रॉइंगमधला माणूस, हिशेबी. वहीत भलतंच निघालं. लोक माझ्याकडे येत होते ते हातात काहीतरी घेऊन: उसवलेला कागद, वाकडा टॅपिंग लीड, कमी भरलेली कॉइल. आणि मी बरं बोललो होतो ते प्रत्येक वेळी मशीनशी उभा राहून, वस्तू हातात घेऊन, "दाखव बघू" म्हणत. केबिनमध्ये बोलावून बोललो होतो, त्या सगळ्या दिवशी खांदे दुखले होते. माझी शैली म्हणजे एवढीच. नाव द्यायचं तर 'दाखव बघू'. एखाद्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर छापण्यासारखी नाही, पण पुढची बावीस वर्षं तिच्यावर काढली.

वहीबरोबर लोकांनाही विचारायला हवं, कारण आपल्याला आपली पाठ दिसत नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी १९५५ मध्ये आपल्या नावांचे तुकडे जोडून 'जोहारी खिडकी' काढली, स्वतःला ओळखायची चार कप्प्यांची आकृती. तिचा एक कप्पा याच जागेचा: जगाला दिसतं, आपल्याला दिसत नाही. फक्त "मी कशी वाटते?" असं विचारू नका. आपल्याकडे त्यावर "बहु सारुं, बेन" (फार छान, ताई) याखेरीज उत्तर येत नाही. विचारा, "कुठलं काम घेऊन माझ्याकडे यावंसं वाटतं? आणि कुठलं माझ्यापासून लपवावंसं वाटतं?" दुसऱ्या प्रश्नावर जो गप्प राहील, त्याच्याकडे आठवड्याने परत जा. स्टोअरवाल्याला विचारा, टेस्टिंगवाल्यांना विचारा, आणि तुमचा सेक्शन सोडून गेलेला कुणी असेल तर त्याला तर नक्कीच. त्याला आता तुमच्याकडून काही नको असतं, म्हणून तो खरं बोलतो.

आता ज्या गोष्टीबद्दल ट्रेनिंगवाल्या बाई बोलल्या नसणार, ती. बडोद्यात आपण मराठी माणसं दिवसाला चार भाषांत राहतो. घरी मराठी, शेडमध्ये गुजराती, यूपी-बिहारच्या पोरांशी हिंदी, मीटिंगमध्ये इंग्रजी. प्रत्येक भाषेत आपण जरा निराळे असतो. मी मराठीत थट्टेखोर आहे, गुजरातीत गोड, हिंदीत उगाच दरडावणारा (ते सगळं दूरदर्शनवरच्या सिनेमांतून आलेलं), आणि इंग्रजीत माझ्यासारखा मठ्ठ कुणी नाही. तुम्ही कोणत्या भाषेत ओरडलात, ते लिहिलं नाहीत. माझी पैज, हिंदीत. आपली नसलेली भाषा आणि आपला नसलेला आवाज, दोन्ही एकदम वर न्यायला गेलं की चिरकतंच.

वहीत तिसरा रकाना काढा, भाषेचा. कुठल्या भाषेत तुमचं 'नाही' सरळ निघतं? कुठल्या भाषेत चूक कबूल करता येते? माझ्याकडे एक मराठी मुलगा होता, अतिशय हुशार, पण इंग्रजी मीटिंगमध्ये तोंडातून शब्द नाही. त्याला म्हटलं, आकडे इंग्रजीत सांग, कारण गुजरातीत सांग. महिनाभरात लोक त्याच्याकडे वळून ऐकायला लागले. माणूस तोच होता.

उलटा धोकाही आहे आणि तो खास आपला आहे. आपल्याला स्पष्टवक्तेपणाचा भारी अभिमान. दांडिया बाजारात दहा मराठी माणसं गोळा करा, त्यातले आठ सांगतील, "आपलं काय, तोंडावर बोलून मोकळं." मराठीत जे सरळ वाटतं, तेच गुजरातीत शब्दाला शब्द ठेवून उतरवलं की फटकळ होतं. "हे आज करून टाका" याचं गुजराती हुकमासारखं वाजतं. तिथला माणूस म्हणेल, "आपणे आजे आ पूरुं करी नाखीए." आपण पुरं करून टाकू. काम तेवढंच, घाईही तेवढीच, फक्त सांगणारा स्वतःला आत धरतो. माझे एक सहकारी हे कधी शिकले नाहीत. "मी असाच आहे" हे त्यांचं वाक्य. खरे होते ते, त्यात शंका नाही. त्यांच्या सेक्शनमध्ये कुणी टिकत नसे, हेही तितकंच खरं. अस्सलपणा ही सवलत नव्हे, की तिच्यावर हवं ते खपवावं.

उसनं घेणं सगळंच वाईट असंही नाही. हे बडोद्यात राहून तर म्हणूच नये. इथले महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, १८७५ मध्ये बारा वर्षांचे असताना बडोद्याच्या गादीवर दत्तक आले. शिकवायला इलियट साहेब, राज्यकारभाराची व्याख्यानं द्यायला दिवाण सर टी. माधवराव. म्हणजे सुरुवातीची सगळी शिदोरी दुसऱ्यांची. १८८१ च्या अखेरीस पूर्ण अधिकार हाती आले तेव्हा वय १८. पुढे त्यांची म्हणून जी पद्धत दिसते, ती मला शिक्षणाच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ दिसते. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी एकदम राज्यभर लादलं नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलं, आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं. मध्ये तेरा वर्षं. ग्रंथालयांचंही तसंच: अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली, तिथले बॉर्डन नावाचे जाणकार १९१० मध्ये बोलावून घेतले, आणि मग खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. बाहेरचं बघायचं, लहान जागी करून पाहायचं, बसलं तर वाढवायचं. कल्पना उसनी, करण्याची रीत त्यांची. आपल्या दिवाणखान्यातल्या फोटोला हार घालताना हे सहसा कुणी सांगत नाही.

हर्मिनिया इबारा नावाच्या अभ्यासक बाईंनी २०१५ मध्ये हाच मुद्दा आजच्या नोकरदारांबद्दल मांडला. बढती मिळाल्यावर जे 'मी अशीच' म्हणून जुन्या स्वतःला चिकटतात ते अडकतात. जे दोन-तीन जणांकडून थोडं थोडं घेऊन अंगावर घालून पाहतात, ते पुढे जातात. मला हे पटतं, फक्त एका अटीवर. घ्यायचं ते एका माणसाकडून अख्खं घेऊ नका. मी साहेबांचा आवाज घेतला आणि फसलो. त्यांचा साडेदहाचा अर्धा कप चहा घ्यायला हवा होता.

आता तुमची सकाळची दहा मिनिटांची मीटिंग. तुम्ही लिहिता की ती केबिनमध्ये होते, दोघे सुपरवायझर बसतात, तुम्ही विचारलंत की "बेन, तमे टेन्शन ना लो, थई जशे" (टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल) म्हणतात आणि विषय संपतो. एक तर ती केबिनमधून उचला आणि वाइंडिंग मशीनच्या ओळीशी न्या, सगळ्यांनी उभं राहून. तुम्हीच लिहिलंय की कॉइल नुसती पाहून ती कुणी भरली ते तुम्हाला सांगता येतं. अहो, ही केवढी गोष्ट आहे! तुमच्या दोन सुपरवायझरांपैकी एकाला तरी येतं का हे? मग बोलणं तिथे करा, जिथे कॉइल समोर आहे. भिंतीवर फळा लावा. "थई जशे" आलं की त्याच सुरात, हसून, एकच विचारा: "केटला वाग्ये?" किती वाजता? उत्तर येईल ते फळ्यावर त्यांच्या नावापुढे लिहा, आणि तुमच्या हातांनी नको, खडू त्यांच्याच हातात द्या. दुसऱ्या दिवशी तिथेच उभ्या राहून कालच्या ओळीकडे नुसतं बघा. बोलू नका. हळू बोलणाऱ्या माणसाची शांतता ओरडणाऱ्याच्या शांततेपेक्षा जास्त ऐकू जाते, हे दोन आठवड्यांत कळेल. पहिल्या आठवड्यात ते चेष्टा करतील. करू द्या.

मोठ्या वयाच्या सुपरवायझरला चारचौघांत टोकणं तुम्हाला जमणार नाही, आणि जमवूही नका. पण टोकायचंच नाही, हेही चालणार नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर कॉइल घेऊन त्यांच्याकडे जा. "काका, हा थर इथे उंच का आला असेल?" त्यांना ठाऊक असतं का आला. तुम्हाला दिसलं, एवढं त्यांना कळलं की पुरे. त्यांनी तीनदा टाळलं, तर चौथ्यांदा लेखी द्या, आणि देण्याआधी त्यांना सांगा की देणार आहे. अंदाज बांधता यायला हवा, तो असा.

एका ठिकाणी मात्र शैलीबिली गुंडाळून ठेवा. टेस्ट बेचं, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरला व्होल्टेज लावतात त्या जागेचं, दार उघडं आणि आत कुणी शिरतंय, क्रेनवर कोअर लटकतेय आणि खाली कुणी उभं आहे, ओव्हनजवळ कुणी वायर ओढतंय: तिथे ओरडा. आवाज चिरकला तरी ओरडा. त्याला कुणी हसत नाही. तो सुरुवातीचा दीड महिना सोडला, तर माझ्या सगळ्या नोकरीत 'दाखव बघू' सोडून मी चार-पाच वेळाच ओरडलो असेन, सगळे असेच, आणि प्रत्येक वेळी माणसं जागच्या जागी थांबली. रोज ओरडणाऱ्याला ती सोय उरत नाही.

प्रत्येक शैलीची किंमत असते, तीही सांगून ठेवतो. मशीनशी उभं राहण्याच्या नादात माझे प्लॅनिंगचे कागद कायम मागे. एका दिवाळीआधी तांब्याची तार वेळेवर मागवायची राहिली आणि दोन मशीनं चार दिवस रिकामी बसली. त्यावर मी स्वतःला बदलायला गेलो नाही. माझ्या उलट स्वभावाचा, केबिनमध्ये रमणारा एक ज्युनिअर मागून घेतला आणि दर शनिवारी त्याने मला काय विसरलो ते वाचून दाखवायचं, असं ठरवलं. तुमची किंमत काय असेल, मला दिसतं: तुम्ही ऐकून घ्याल आणि निर्णय लांबवाल. तेव्हा कुणी प्रश्न घेऊन आलं की उत्तर नसलं तरी वेळ सांगा. "तीन वाजता सांगते." आणि तीनला सांगा, 'अजून ठरलं नाही' हे सांगायचं असलं तरी.

वरच्यांनी 'कडक व्हा' म्हटलं, त्याचं काय, हे राहिलं. त्यांना विचारा, कडक म्हणजे नेमकं काय झालेलं हवंय: रिजेक्शन कमी, की माल वेळेवर? बहुतेक वेळा त्यांना दोन आकडे हवे असतात आणि आवाज हा त्यांनी आपल्या मनाने जोडलेला असतो. आकडे दर महिन्याला न मागता द्या.

सोमवारी लगेच फळा लावू नका. आधी वहीचे तीन आठवडे होऊ द्या, तिन्ही रकान्यांसह. मग एखाद्या रविवारी वही घेऊन या, आपण दोघं मिळून वाचू. येताना सेव-उसळ आणलीत तर चालेल, माझी तर्री मात्र वेगळी बांधून आणा. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय, आणि ही दारातच पुडकं तपासते.